सहाव्या लेनचा होकार

१

महमूद परकारच्या नशिबाची गंमत बघा. लग्नाच्या वरातीत फटाके वाजायला लागले की जो पोरगा आईच्या ओढणीत तोंड खुपसून बसायचा, त्याला मोठेपणी नोकरी मिळाली ती बंदुकीच्या रेंजवर. खेड तालुक्यातल्या त्याच्या गावात बातमी पोचली तेव्हा चुलते म्हणाले, "कतारला जाऊन पोरगा शूर झाला." महमूदने काही खुलासा केला नाही. आपल्याला स्वतःला एकही गोळी झाडावी लागत नाही आणि कानांवर आवाज अडवणारे चांगले जाड मफ असतात, हे गावाला कळून कुणाचं भलं होणार होतं?

रेंज दोह्याबाहेर होती, सलवा रोड सोडून आत वळल्यावर. वाळूच्या रंगाची, बिनखिडक्यांची लांबलचक इमारत, नवख्याला गोदामच वाटावं. आत सहा लेन. प्रत्येक लेनमध्ये कमरेएवढं टेबल, दोन्ही अंगांना जाड आडभिंत, समोर लांबवर टांगलेलं कागदी निशाण. लेनच्या मागे जमिनीवर एक पिवळी रेघ, आणि रेघेच्या बऱ्याच मागे काचेची भिंत. काचेपलीकडे बघ्यांचे सोफे.

पिवळी रेघ ही महमूदची जागा. अंगात पिवळं जाकीट घालून, उजवा हात वर करून तो उभा राहायचा आणि एकेका लेनचा नंबर पुकारायचा. त्या लेनच्या इन्स्ट्रक्टरने "क्लिअर" म्हणून ओ द्यायची. म्हणजे समोर माणूस नाही, बंदूक माझ्या ताब्यात आहे. सगळ्यांची ओ आली की महमूदने हात खाली आणायचा, आणि हात खाली आला की बार सुटायचे. इतकंच काम, पण त्यात चूक चालत नव्हती.

सहावी लेन तेव्हा बंद होती. निशाण मागेपुढे नेणारी मोटर जळली होती, बल्ब काढून घेतला होता आणि तोंडाशी साखळी लावली होती. महमूद पाचापर्यंत पुकारायचा आणि थांबायचा.

त्याचे मफ बॅटरीवर चालायचे. मोठा आवाज ते अडवायचे आणि बारीकसारीक आवाज मोठा करून कानात सोडायचे. बार लांब कुठेतरी गादी झोडपल्यासारखे ऐकू यायचे, आणि पाचव्या लेनमधल्या माणसाने शर्टाची बाही सारखी केली तर ती मात्र कानाशी सळसळायची. महमूदला त्यात एक गुंगी यायची. विहिरीत बुडी मारून तळाशी बसावं तसं शांत वाटायचं. खरं सांगायचं तर ती नोकरी त्याला त्यामुळेच आवडत होती.

एका दुपारी त्याने पाचही लेन पुकारल्या. पाच ओ आल्या. हात खाली आणणार, इतक्यात आणखी एक ओ आली.

"क्लिअर."

लहान मुलाचा आवाज होता. झोपेतून अर्धवट उठवल्यावर मुलं बोलतात तसा. महमूदचा हात सवयीने खाली आला आणि बार सुटले.

२

रेंजवर मुलांचे शुक्रवार, म्हणजे सुट्टीच्या दिवशी मुलांनाही बंदूक चालवू देणं, सुरू होऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. ती कल्पना मॅनेजर काशिफची. काशिफ कराचीचा, बोलायला मधाळ आणि डोक्याने तल्लख. बाप आत गोळ्या झाडतो आणि बायकामुलं काचेमागे मोबाइल चोळत बसतात, हे त्याला खपेना. मग वाढदिवस आले, केक आले, फुगे आले. फुगा फुटला की महमूद दचकायचा आणि आत ऑटोमॅटिक गन वाजली तरी ढिम्म उभा राहायचा, यावरून इन्स्ट्रक्टर धनाजी त्याची टर उडवायचा.

धनाजी शिर्के साताऱ्याकडचा. फौजेतून निवृत्त झाला, घर बांधायचं म्हणून इथे आला, आणि बायकापोरं गावी ठेवून बरवा अल बराहा या कामगारवस्तीतल्या खोलीत दोघांबरोबर राहत होता. मुलांच्या हाती ऑटोमॅटिक द्यायची तर फक्त धनाजीच्या लेनमध्ये. पोराला लाकडी पायरीवर उभं करायचं, आपण पाठीशी चिकटून उभं राहायचं, एक हात पोराच्या खांद्यावर, दुसरा बंदुकीवर, आणि मॅगझिनमध्ये गोळी एकच. काशिफला ते मंजूर नव्हतं. "धनाजीभाई, लोग व्हिडिओ बनाने आते हैं. एक गोली का क्या व्हिडिओ बनेगा?"

"न्हाई बनला तर न्हाई," धनाजी मागाहून महमूदला सांगायचा. "आवं, ऑटोवर घोडा दाबला की नळी वर उसळती आन मागं येती. भल्या गड्याला आवरत न्हाई, लेकराचं मनगट ते केवढं? दोन-चार राऊंड सुटंस्तवर तोंड त्याच्याच डोस्क्याकडं फिरलेलं असतंय. आन लेकरू भ्यालं की बोट सोडत न्हाई, उलटं आवळतंय. म्हनून म्या एकच भरतो."

महमूदला हे पटायचं. तरी काचेपलीकडच्या आयांना तो हिंदीत बिनदिक्कत सांगायचा, की घाबरू नका, घरच्या किचनपेक्षा इथे सेफ आहे. हे वाक्य म्हटलं की आया हसायच्या आणि मुलांना पुढे ढकलायच्या. आपण हे कशाच्या जोरावर म्हणतो, असा प्रश्न त्याला कधी पडला नाही. पगार ज्याचा खातो त्याचं गाणं गायचं, एवढं साधं होतं ते.

तो सहावा आवाज मात्र येत राहिला. रोज नाही. मुलांची धांदल असली की हमखास.

महमूद देवभोळा नव्हता. त्याने आधी बॅटरी बदलली. मग दुसऱ्याचे मफ घालून पाहिले. शेजारच्या गोदामातल्या वॉकीटॉकीचा आवाज शिरत असेल म्हणून तिकडच्या वॉचमनला विचारून आला. सहाव्या लेनची साखळी काढून आत गेला, तर काळं रबरी मॅट, धूळ आणि वरून पडणारा एसीचा गारवा. बाकी काही नाही.

"धनाजीराव, तुमाला सहावीतून काय ऐकू येतं काय?"

"माज्या मफात मला माजंच ऐकू येत न्हाई." धनाजी हसला. "आन कतारात भुतं न्हाईत भाई. त्यांला व्हिसा कोन देतंय?"

महमूदही हसला. पण हळूहळू त्याच्या एक गोष्ट लक्षात आली आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली. पाच ओ आल्यावर त्याचा हात खाली येत नव्हता. तो सहाव्या ओची वाट बघत होता. ती आली की हात आपोआप उतरायचा, आणि आली नाही की खांदा भरून येईपर्यंत वरच राहायचा. मग इन्स्ट्रक्टर वळून बघायचे, महमूदभाईंना आज झालंय काय म्हणून.

३

त्या शुक्रवारी बाहेर धुळीचं वादळ होतं. दारातून येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर पिवळट उजेड आत यायचा आणि कार्पेटवर बारीक वाळू सांडायची. रेंज भरलेली होती. धनाजी चौथ्या लेनमध्ये जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एका मुलाला घेऊन उभा होता.

महमूदने हात वर केला. "लेन वन?" "क्लिअर." "टू?" "क्लिअर." "थ्री?" "क्लिअर." "फोर?"

"क्लिअर."

"फाइव्ह?" "क्लिअर."

त्याने हात खाली आणला. पहिल्या, दुसऱ्या लेनमधून बार सुटले आणि त्याच क्षणी चौथ्या लेनच्या टेबलापुढून धनाजीचं डोकं वर आलं. टेबलाच्या पलीकडे, गोळ्या जातात त्या बाजूला. मुलाचा संरक्षक चष्मा पुढे पडला होता, तो उचलायला धनाजी टेबलाखालून पलीकडे सरकला होता. बंदूक टेबलावर होती, आणि ते पोर दोन्ही हात तिच्याकडे नेत होतं.

महमूद किंचाळला. पुढचं त्याला सलग कधीच आठवलं नाही. लाल दिवा, घंटा, कुणाची तरी आई काचेवर थापा मारते आहे. धनाजीने पोराचे हात धरले होते आणि तो पांढराफटक पडला होता.

"म्या क्लिअर म्हनलोच न्हाई!" बाहेर आल्यावर तो महमूदच्या अंगावर धावून गेला. "खाली वाकलोय म्या, आन तुमी हात सोडला? माजी दोन पोरं हायती गावाकडं!"

"ओ आली, धनाजीराव. फोरमदून ओ आली, आल्लाची शप्पथ."

"कुनी दिली?"

तो आवाज धनाजीच्या भरड्या आवाजासारखाच होता, निदान पहिल्या घटकेला. नंतर आठवून बघितलं तर त्यात काहीतरी कोवळं होतं. मोठ्यांच्या चपला घालून मुलं घरभर चालतात, तसा तो आवाज धनाजीचा झाला होता. हे काशिफला कोणत्या तोंडाने सांगायचं? काशिफने दोघांना चहा पाजला, त्या मुलाच्या घरच्यांना पुढच्या महिन्याची फुकट तिकिटं दिली आणि विषय मिटवला.

महमूदने मात्र मनाशी ठरवलं, यापुढे कानांवर विश्वास ठेवायचा नाही. ओ नको, हात हवा. ज्याची लेन तयार, त्या इन्स्ट्रक्टरने आडभिंतीच्या वर हात करून दाखवायचा. डोळ्यांनी बघितल्याशिवाय हात खाली आणणार नाही. धनाजीने मान डोलावली. बॅटरीचे मफ महमूदने कपाटात टाकले आणि साधे घातले. त्या रात्री तो कितीतरी दिवसांनी गाढ झोपला.

४

अल अझीझियातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये बायको रबिया, नऊ वर्षांची मुलगी हनिया आणि तो. वरच्या मजल्यावर फरजाना राहायची, चिपळूणकडची. तिचा जैद हनियाच्याच वर्गात. दोन्ही घरांत एकच पातेलं फिरायचं, इकडून सांदण जायचं, तिकडून बिर्याणी यायची.

एकदा तो संध्याकाळी घरी आला तर हनियाने उश्या ओळीने मांडल्या होत्या आणि ती हात वर करून उभी होती. "लेन वन? क्लिअर. लेन टू? क्लिअर." प्रत्येक उशीचं उत्तर तीच देत होती. शेवटच्या उशीपाशी आली तेव्हा तिने आवाज बारीक केला, झोपाळू केला. "क्लिअर."

महमूदच्या अंगावर काटा आला. "हा आवाज कुठं शिकलीस?"

"इट्स जस्ट द लिटल वन, अब्बा." तिने उशी उचलली. "व्हेन कॅन आय कम? जैद पण येणार म्हणतो. एव्हरीवन इन माय क्लास हॅज डन इट."

मुलांचे आवाज सगळे सारखेच असतात, आणि आपण घरी रेंजच्या गोष्टी सांगतो त्याच ती खेळते, असं महमूदने स्वतःला समजावलं. समजूत पटली नाही, पण जेवण झालं.

काशिफने गाठलं ते त्याच आठवड्यात. जाहिरातीचा व्हिडिओ करायचा होता. मुलगी हवी होती, छोटी, हसरी, आणि घरचीच असली तर उत्तम. "महमूदभाई, आपकी बच्ची आएगी तो लोगों को भरोसा होगा. स्टाफ की अपनी बेटी." सहावी लेन त्यासाठी दुरुस्त होत होती. कोपऱ्यातली म्हणून एका बाजूला भिंत, कॅमेऱ्याला जागा, आणि मुलांना दुसऱ्यांचा त्रास नाही. इथून पुढे मुलांची लेन तीच.

महमूदने दोन दिवस उत्तर टाळलं. धनाजीने ते ओळखलं. चहाच्या कपात बघत म्हणाला, "दुसऱ्याच्या पोरांला सेफ हाय म्हनून हाळी देताय, आन सोताची आनायची म्हनली की पोटात गोळा? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. व्हय ना?"

बोलणं झोंबलं, कारण खरं होतं. महमूदला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तो हो म्हणून बसला.

रबिया ऐकेना. "खेळण्यातली बंदूक मी घरात येऊ दिली नाय. तुमी पोरीच्या हातात खरी देताव?"

"एकच गोळी असते. धनाजीरावांचा हात असतो. मी तिथं असतो."

"मग मी गाडीत बसेन. आत येऊन बघायची नाय मी."

फरजानाने मात्र जैदलाही बरोबर दिलं. जिन्यात उभी राहून म्हणाली, "तुमी हाव म्हणून पाठवते, महमूदभाई. नायतर मी कुणावर टाकलं नसतं त्याला." जैदने तोवर चपला घातल्यासुद्धा होत्या.

५

व्हिडिओच्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी महमूद रेंजवर नेहमीसारखा उभा होता. सहाव्या लेनची साखळी काढलेली होती, पण दिवा अजून बसला नव्हता. त्याने हात वर केला. आडभिंतींच्या वर एकेक हात आला. जाडजूड, केसाळ, मनगटावर घड्याळ असलेले पाच हात. हे बरं, महमूदला वाटलं. हातात खोटेपणा चालत नाही.

मग सहाव्या लेनच्या काळोखात, टेबलाच्या कडेवर, एक लहान पंजा उभा राहिला. आडभिंतीपर्यंत तो पोचत नव्हता. पोचायचा प्रयत्न करत होता. बोटं ताणलेली होती, टाचा उंचावून फळीवरचा डबा काढायला मुलं ताणतात तशी.

महमूद बघत राहिला. भीती वाटायला हवी होती, पण आधी आली ती माया. त्या पंजाला उचलून घ्यावं असं त्याला वाटलं. साध्या मफात बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं, फक्त स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येत होतं, आणि सगळी रेंज त्या आवाजात हळूहळू तरंगत असल्यासारखी झाली. पंजा तसाच उभा होता. तो त्याच्या होकाराची वाट बघत होता की त्याला होकार देत होता, हे त्याला कळेना.

बार वाजले तेव्हा तो भानावर आला. हात त्याने केव्हाच खाली आणला होता.

कॅमेऱ्याच्या लोकांनी कोपऱ्यात काही ठेवलं असेल. काचेतलं प्रतिबिंब असेल. सहाव्या लेनमध्ये तो त्या दिवशी गेला नाही. उद्या दिवा लागला की सगळं नीट होईल, असं तो घरी जाईपर्यंत घोकत राहिला.

६

दिवा लागला होता. जुम्म्याची नमाज झाल्यावर गर्दी वाढली. सहावी लेन आता सगळ्यांत उजळ होती, भिंतीला नवा रंग, टेबलापुढे लाकडी पायरी. रबिया बाहेर गाडीत एसी लावून बसली होती. आतल्या बाकावर मुलांची रांग होती. हनिया पहिली, मागे जैद, त्यामागे अनोळखी चार-दोन मुलं, सगळ्यांच्या कानांवर रंगीत मफ. काशिफ काचेपलीकडे पाहुण्यांबरोबर उभा होता आणि अंगठा दाखवत होता.

हनिया पायरीवर चढली. वळून तिने बापाकडे बघितलं आणि हसली. पुढचा दात नुकताच पडला होता. असं प्रेम त्याला तिच्या जन्माच्या दिवशीही आलं नव्हतं. आपण हिला कुठे आणून उभं केलं, असं त्याला स्वच्छ वाटलं. तरी तो रेघेवर गेला. कॅमेरा चालू झाला होता, धनाजी बघत होता, आणि आता नको म्हणायचं तर कारण काय द्यायचं?

त्याने हात वर केला.

पहिल्या लेनचा हात आला. दुसऱ्या. तिसऱ्या. चौथ्या. पाचव्या.

सहाव्या लेनमध्ये धनाजी हनियाच्या पाठीशी चिकटून उभा होता. त्याचा डावा हात तिच्या खांद्यावर होता, उजवा बंदुकीवर. हनियाचे दोन्ही हात बंदुकीवर होते. हे महमूदला स्पष्ट दिसत होतं, नव्या दिव्याच्या पांढऱ्या उजेडात एकेक बोट दिसत होतं. आणि त्या दोघांच्या मधून, हनियाच्या डोक्याच्या वर, एक हात उगवला. लहान, स्वच्छ पंजा. आज तो आडभिंतीच्या वर पोचला होता.

सगळं क्लिअर आहे, असं तो हात सांगत होता.

महमूदचा खांदा उतरायला लागला. कित्येक आठवड्यांची सवय होती ती. तो स्वतःच्या हाताला खाली येताना बघत होता, झोपेत आपण कड्यावरून चालतो आणि थांबता येत नाही, तसं. मग हनियाने डोकं जरा हलवलं, केस त्या पंजाला लागले, आणि तिने मान आखडून घेतली. तिला ते जाणवलं होतं.

"स्टॉप!" महमूद ओरडला. "नको! नको! धनाजीराव, काढा ती!"

कानांवर मफ होते, पण धनाजीने त्याचं तोंड बघितलं. झटकन बंदूक खाली दाबली, मॅगझिन काढलं. ते हातात येताच धनाजी थबकला. त्याने अंगठ्याने वरची गोळी बाहेर सरकवली. तिच्याखाली दुसरी होती. तिच्याखाली आणखी. मॅगझिन गच्च भरलेलं होतं.

"म्या एकच घातली हुती," धनाजीचे ओठ म्हणाले. "माज्या हातानं घातली हुती."

महमूद थांबला नाही. त्याने मफ काढून फेकले, जाकीट अंगातून ओरबाडून टाकलं, हनियाला पायरीवरून उचललं आणि दोन्ही दारं ढकलत बाहेर धावला. मागून काशिफच्या हाका आल्या. त्याने वळून बघितलं नाही.

७

बाहेर ऊन इतकं होतं की सगळं पांढरं दिसत होतं. हनिया त्याच्या खांद्यावर मुठी मारत रडत होती. "यू रुइन्ड इट! माझा टर्न होता!" रडते आहे म्हणजे जिवंत आहे, महमूदला वाटलं, आणि त्याला हसू फुटलं. नोकरी गेली तर गेली, खलास. खेडला जाऊ, दुकान टाकू, कुणाच्या तरी लग्नात फटाके वाजले तर खुशाल कान झाकून बसू.

रबिया गाडीतून उतरून धावत आली. तिने पोरीला ओढून घेतलं, डोकं, हात, बोटं चाचपली आणि छातीशी आवळून धरलं. मग तिने महमूदच्या मागे बघितलं. बंद दाराकडे. पुन्हा महमूदकडे.

"जैद कुठाय?"

महमूद दाराकडे वळला.

"अवो, जैद कुठाय?"

त्याला तो क्षण पुन्हा दिसला. बाकावरची रांग, हिरवे मफ घातलेलं ते पोर, महमूदचाचा धावत आपल्या अंगावरून जाताना वर बघणारं. त्याच्या गुडघ्याला आपला पाय घासून गेला होता. हात पुढे केला असता तर धरता आला असता. आपली पोर उचलली आणि शेजारणीचं तिथेच ठेवलं. त्याला स्वतःची किळस आली. तो आला तसा उलटा पळाला.

काही होणार नाही, तो पळताना म्हणत होता. धनाजीने बंदूक रिकामी केली आहे. दुसरं मॅगझिन आणेल, पुन्हा एकच गोळी भरेल. आणि रेघेवर मी नाही. रेघेवर कुणी नसताना धनाजी पोराला पायरीवर चढवणार नाही. जुना फौजी आहे तो.

बाहेरचं दार उघडलं. आतल्या दारावर लाल दिवा होता. लाल दिवा असला, म्हणजे आत गोळीबाराची तयारी झाली, की ते दार बाहेरून कार्डाशिवाय उघडत नाही, आणि कार्ड जाकिटाला अडकवलेलं होतं. महमूद काचेशी गेला. सोफ्यांवरची माणसं मोबाइल उंच धरून शूटिंग करत होती. काशिफने त्याच्याकडे ओझरतं बघितलं, पुन्हा आत बघितलं, आणि मग त्याचा चेहरा गोंधळला.

सहाव्या लेनमध्ये जैद पायरीवर उभा होता. धनाजी त्याच्या पाठीशी होता, मान वळवून पिवळ्या रेघेकडे बघत, हुकमाची वाट पाहत. त्याच्या चेहऱ्यावर काही शंका नव्हती.

रेघेवर एक माणूस पाठमोरा उभा होता. अंगात पिवळं जाकीट, कानांवर मफ, उजवा हात वर. माणसाला स्वतःची पाठ कधी दिसत नाही, म्हणून महमूदला ओळखायला वेळ लागला. डावा खांदा किंचित पडलेला. मानेवरचे केस कापायला झालेले.

काशिफकडे कार्ड मागायलाही वेळ नव्हता; त्याने दोन्ही मुठींनी काच बडवली. "धनाजीराव! तो मी नाय! मी इकडं हाय! तो मी नाय!" आत सगळ्यांच्या कानांवर मफ होते. पहिल्या लेनचा हात वर आला. दुसऱ्या, तिसऱ्या. आडभिंतींच्या वर एकामागून एक हात उगवत गेले, थेट कोपऱ्यापर्यंत.

जैदने तेवढं मागे वळून बघितलं. काचेवर आपटणारा महमूदचाचा त्याला दिसला आणि तो ओळखीचं हसला. मग त्याने रेघेवरच्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं, जे महमूदला दिसत नव्हतं. पुन्हा काचेकडे बघितलं. त्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळे मोठे झाले.

धनाजीने प्रेमाने त्याची मान धरली आणि समोर, निशाणाकडे वळवली. रेघेवरचा हात खाली यायला लागला.